बीएमएस-बीबीएचं कॅम्पस प्लेसमेंट: पॅकेज राहू द्या, गाव बघा

बीएमएस-बीबीए या मॅनेजमेंटच्या पदव्या करणाऱ्यांसाठी मुंबई-पुण्यातल्या कॉलेजांचे प्लेसमेंट सेल (नोकऱ्या मिळवून देणारे विभाग) एका कामात बरे: बँकांची बॅक ऑफिसं आणि ऑडिट फर्म दारात आणून देतात. ॲप्टिट्यूड चाचणी, ग्रुप डिस्कशन, दोन मुलाखती. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि एक्स-लुकअप हातावर असलं की निम्मं काम झालं. पाच पैकी तीन तारे.

दोन तारे जातात ते पगार आणि ठिकाणाच्या गोलमालात. वर्षाला चार लाखांचं पॅकेज घ्या, त्यात बेसिक म्हणजे मूळ पगार दोन लाख. व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) ४०,०००, कंपनीचा पीएफ २४,०००, ग्रॅच्युइटी ९,६२०, तुमचा पीएफ २४,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा केले की महिन्याला हातात येतात साधारण २५,०००. कांदिवलीत आईवडिलांकडे राहून गोरेगावला जाणाऱ्याला ते पुरतात. बेंगळुरूत डिपॉझिट भरून खोली घेणाऱ्याची मात्र पहिल्याच महिन्यात तारांबळ उडते.

फॉर्मवरचे शहराचे तीन पर्याय ही निव्वळ विचारणा असते. ऑफर लेटरमध्ये ‘भारतात कुठेही’ असेल तर ते पर्याय विसरा. ग्लोबल सेंटरच्या, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या इथल्या कार्यालयांतल्या, नोकऱ्या बहुतेक पुण्यात खराडी-हिंजवडीला, नाहीतर बेंगळुरू-हैदराबादला. सेल्सवाल्यांना टेरिटरी म्हणजे फिरायचा भाग मिळतो, ऑफिस नाही. अमेरिकेच्या कामाला शिफ्ट किती वाजता सुटते आणि घरापर्यंत कॅब आहे का, हे एचआरला ईमेलवरच विचारा, तोंडी नको.

आणि हो, ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ नियम असलेल्या कॉलेजात पहिली ऑफर स्वीकारली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. नोंदणीआधी नियमपत्रक मागून घ्या.