फोरट्रान आणि सी एकत्र लिंक करताना: अंडरस्कोर जुळवायचा की बाइंड(सी) वापरायचं?

जुनं फोरट्रान सबरूटीन सी किंवा सी++ मधून कॉल करायचंय आणि उद्या कंपायलर बदलला तरी ते चालायला हवं, अशी गरज असेल तर तीन वाटा आहेत: कंपायलरने बदललेली नावं जुळवणारे मॅक्रो, फोरट्रान 2003 पासून प्रमाणित झालेलं बाइंड(सी) (सबरूटीन सीच्या पद्धतीने, ठरलेल्या नावाने कॉल करू देणारी घोषणा), किंवा तयार सी इंटरफेस. सोर्सला हात लावता येत असेल तर डोळे झाकून बाइंड(सी) घ्या.

मॅक्रोंची वाट आधी पाहू, कारण बहुतेक जुना कोड तिथेच आहे. लिंकरला दिसणारं नाव प्रत्येक फोरट्रान कंपायलर आपापल्या पद्धतीने बदलतो आणि सीमध्ये नेमकं तेच नाव लिहावं लागतं. समजा सबरूटीनचं नाव ‘हीट_सॉल्व्ह’. जीफोरट्रान, म्हणजे जीसीसी या कंपायलर संचातला फोरट्रान कंपायलर, त्याच्या शेवटी एक अंडरस्कोर लावतो. जुना जी77 दोन लावायचा, कारण नावात आधीच एक आहे. विंडोजवर इंटेलचा कंपायलर सगळी अक्षरं कॅपिटल करतो आणि अंडरस्कोर लावत नाही. एआयएक्सवर आयबीएमचा एक्सएल फोरट्रान सगळं स्मॉलमध्ये ठेवतो, शेवटी काहीच जोडत नाही. सीमेकचं ‘फोरट्रानसीइंटरफेस’ मॉड्यूल किंवा ऑटोकॉन्फचे मॅक्रो हे ओळखून हेडर तयार करून देतात. आणि नाव चुकलंच, तर लिंकर लगेच ‘अनडिफाइंड रेफरन्स’ म्हणून अडवतो.

घात होतो तो नाव जुळून बाकीचं जुळत नाही तेव्हा. फोरट्रान प्रत्येक कॅरेक्टर आर्ग्युमेंटची लांबी यादीच्या शेवटी गुपचूप पाठवतो. जीफोरट्रान 7 पर्यंत ही लांबी 32 बिटांची होती. आवृत्ती 8 पासून 64 बिटांच्या मशीनवर ती 64 बिटांची झाली. सीमधून लापॅक (मॅट्रिक्सच्या गणितांची फोरट्रान लायब्ररी) कॉल करणारे कित्येक जण ही लांबी पाठवतच नव्हते, आणि एकाच अक्षराचा प्रश्न असल्याने वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. 2019 मध्ये मात्र जीफोरट्रानचं टेल-कॉल ऑप्टिमायझेशन (सबरूटीनच्या शेवटच्या कॉलसाठी आधीचीच स्टॅकची जागा पुन्हा वापरणं) नडलं. लांबीसाठी स्टॅकवर जागा आहे असं धरून कंपायलर तिथे लिहायचा आणि सी कॉलरचा स्वतःचा डेटा पुसला जायचा. आर भाषेच्या पॅकेजेसना याचा थेट फटका बसला. शेवटी आरने लांबी पाठवण्यासाठी वेगळे मॅक्रो दिले आणि जीसीसीत हा प्रकार टाळणारा पर्याय आला. कोणाच्याही कोडमध्ये एक ओळ बदललेली नव्हती, हे लक्षात घ्या. कॉम्प्लेक्स किंमत परत करणारी फंक्शन्सही अशीच धोक्याची: जी77 ती लपवलेल्या पहिल्या आर्ग्युमेंटमधून द्यायचा, जीफोरट्रान थेट परत करतो.

बाइंड(सी) मध्ये हा सगळा अंदाजपंचे कारभार संपतो. मूळ सबरूटीन तसंच ठेवायचं आणि त्यावर पातळ रॅपर (आतून त्यालाच कॉल करणारं छोटं सबरूटीन) लिहायचा: नाव अवतरणात द्यायचं, आकार सांगणाऱ्या n ला ‘सी_इंट’ आणि ‘व्हॅल्यू’, ॲरेला ‘सी_डबल’. सीच्या बाजूला साधा इंट आणि डबल पॉइंटर. ‘व्हॅल्यू’ विसरलात तर फोरट्रान पत्त्याची अपेक्षा धरतो आणि सी आकडा पाठवतो, तेव्हा तेवढं दोनदा तपासा. ॲरे साधेच पाठवा, आकार वेगळा द्या. फोरट्रान 2018 चे ॲरे डिस्क्रिप्टर (ॲरेचा पत्ता आणि आकार एकत्र ठेवणारी रचना) सोयीचे आहेत, पण त्यांची मांडणी कंपायलरगणिक वेगळी असते. कॉलम-मेजर क्रम (फोरट्रान मॅट्रिक्स कॉलमवार साठवतो, सी ओळवार, म्हणजे रो-मेजर) मात्र इथेही तुम्हालाच सांभाळायचाय.

फक्त ब्लास (मॅट्रिक्स-व्हेक्टरच्या मूलभूत क्रिया) आणि लापॅक हवं असेल तर रॅपरही लिहू नका. त्यांचे तयार सी इंटरफेस सीब्लास आणि लापॅकई आहेत, ओपनब्लास आणि एमकेएल या दोन्ही लायब्रऱ्यांत मिळतात. लापॅकईला रो-मेजर मॅट्रिक्स दिली तर तो आतून ट्रान्सपोज करून कॉपी बनवतो. मोठ्या मॅट्रिक्सला ते महाग पडतं, म्हणून डेटा पहिल्यापासून कॉलम-मेजर ठेवा.

मॅक्रो उरतात ते केवळ बायनरी हातात आहे, सोर्स नाही अशा ठिकाणी. तिथे लपलेल्या लांब्या न चुकता पाठवा आणि ती बायनरी कोणत्या कंपायलरच्या कोणत्या आवृत्तीची आहे ते बिल्ड फाइलमध्येच लिहून ठेवा.