हवेतून फोटो पाठवायचाय: अ‍ॅनालॉग एसएसटीव्ही घ्यावं की डिजिटल?

परवाना आला, कॉलसाइन (हवेत ओळख सांगायचं सांकेतिक नाव) मिळाला, रिपीटरवर (सिग्नल पुढे फेकणाऱ्या केंद्रावर) चार जणांशी बोलून झालं, आणि आता हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवरून फोटो पाठवायची हौस आली आहे. पहिला प्रश्न हमखास हाच पडतो: जुन्या पद्धतीचं अ‍ॅनालॉग एसएसटीव्ही (स्लो स्कॅन टेलिव्हिजन, म्हणजे एकेक चित्र सुरांच्या रूपात सावकाश पाठवणं) करावं की डिजिटल? माझा कल आधीच सांगून टाकतो. सुरुवात अ‍ॅनालॉगनं करा. डिजिटल वाईट नाही, पण ते एकट्यादुकट्याचं काम नाही.

दोन्हींत चित्र आवाजाच्या रूपानंच जातं, आणि बोलण्याला लागते तेवढ्याच, म्हणजे ३ किलोहर्ट्झच्या आतल्या पट्ट्यात. अ‍ॅनालॉगमध्ये ठिपक्याचा उजेड म्हणजे एक सूर. १५०० हर्ट्झ काळा, २३०० हर्ट्झ पांढरा, बाकीच्या छटा अधेमधे. १२०० हर्ट्झचा छोटा ठोका नवी ओळ कुठे सुरू होते ते सांगतो. अमेरिकेत कॉपथॉर्न मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे केलं, तेव्हा १२० ओळींचं कृष्णधवल चित्र ८ सेकंदांत जायचं आणि पडद्यावरचा उजेड विझायच्या आत ते पाहून घ्यावं लागायचं. आता संगणक आहे, रंग आहेत, तत्त्व मात्र तेच.

डिजिटलमध्ये फोटोची फाइल दाबून लहान करतात, तिचे तुकडे पाडतात आणि चुका दुरुस्त करण्यासाठी थोडी जास्तीची माहिती सोबत जोडून पाठवतात. सगळे तुकडे पोचले तर पलीकडे त्या दाबलेल्या फाइलमधलं चित्र जसंच्या तसं उमटतं. एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

आणि नाही पोचले तर? इथेच दोघांचे स्वभाव कळतात. १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दूरदेशी पोचायच्या पट्ट्यात, सिग्नल चढतो, बुडतो, मधेच कुणीतरी शेजारी येऊन बसतं. अ‍ॅनालॉग चित्रात अशा वेळी चार ओळींवर वाळू पसरल्यासारखी दिसते, पण माणसाचा चेहरा आणि कॉलसाइन वाचता येतो. डिजिटलमध्ये तुकडे कमी पडले की चित्रच उघडत नाही. मग ‘अमुक तुकडे नाही मिळाले’ असा निरोप पाठवायचा, समोरच्यानं ते परत पाठवायचे. समोर ओळखीचा, सवडीचा माणूस असेल तर यातही मजा आहे. अनोळखी स्टेशन तेवढं थांबेलच असं नाही. मला स्वतःला ते वाळू पसरलेलं चित्रच आवडतं. कुठून कसं आलं त्याची खूण त्यावर असते.

सामानाच्या बाबतीतही अ‍ॅनालॉग स्वस्तात पडतं. अँड्रॉइड फोनवर रोबोट३६ नावाचं मोफत अ‍ॅप टाका, फोन रेडिओ सेटच्या स्पीकरजवळ धरा, चित्र उतरायला लागतं. पंख्याचा आवाज आणि कुकरच्या शिट्ट्याही त्यात उतरतात, ते वेगळं. पुढे केबलनं संगणक जोडायचा. विंडोजवर एमएमएसएसटीव्ही आणि लिनक्सवर क्यूएसएसटीव्ही, दोन्ही मोफत. चित्र तिरकं पडलं तर अँटेनावर संशय घेऊ नका, साउंड कार्डाच्या घड्याळाची चूक असते, ती सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येते. डिजिटलसाठी केबल लागतेच, आवाजाची पातळीही जपून लावावी लागते, जरा जास्त झाली की सगळं बिघडतं. वर ईझीपालसारख्या लोकप्रिय सॉफ्टवेअरचं काम त्याच्या निर्मात्याच्या निधनानंतर पुढे सरकलेलं नाही. क्यूएसएसटीव्हीमध्ये डिजिटलची सोय आहे.

पाठवताना दोन्हींना एक पथ्य लागू. बोलताना सेटला मधे मधे उसंत मिळते, इथे तो सलग दोन मिनिटं राबतो. १०० वॉटचा सेट निम्म्यावर आणा.

अ‍ॅनालॉग ठरलं, की मोड, म्हणजे चित्र पाठवायची ठरलेली पद्धत, कुठला हा प्रश्न उरतो. मार्टिन १ ला ११४ सेकंद लागतात, स्कॉटी १ ला ११०, दर्जा सारखाच. पहिलं नाव ब्रिटनच्या मार्टिन एमर्सन यांचं, दुसरं स्कॉटलंडच्या एडी मर्फी यांच्यामुळे पडलं. गंमत म्हणजे स्कॉटी जास्त चालतं ते अमेरिकेत. युरोपात मार्टिनचा जोर. आपल्याकडून संध्याकाळी १४.२३० मेगाहर्ट्झवर युरोप लागण्याची शक्यता चांगली, म्हणून मार्टिन १ हाताशी ठेवा. रोबोट ३६ हा मोड फक्त ३६ सेकंदांत संपतो, रंग थोडे फिके येतात. टू मीटरवर, म्हणजे जवळच्या गप्पांच्या पट्ट्यात, गावातल्या मित्राशी खेळायला उत्तम. पीडी १२० ला १२६ सेकंद लागतात, पण चित्र ६४० बाय ४९६ ठिपक्यांचं मिळतं.

पीडी १२० चं नाव घेतलं की आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आलंच. अरिस या हॅम उपक्रमातून जाहीर केलेल्या दिवसांत तिथून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये चित्रं येतात, बहुतेकदा याच मोडमध्ये. स्थानक एका फेरीत फार तर दहा मिनिटं दिसतं. चित्र दोन मिनिटांचं, मधली शांतता साधारण तेवढीच, म्हणजे हाती दोन-तीन चित्रं लागतात आणि त्यातलं एखादं अर्धवट. हँडी, म्हणजे हातात मावणारा छोटा सेट, आणि गच्ची एवढ्यावर जमतं. हातात धरायची छोटी यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) असली तर चित्र बरंच स्वच्छ येतं. हँडीच्या अँटेनाची कांडी उभीच धरायचा हट्ट सोडा, आवाज खरखरला की ती आडवीतिरकी करून पाहा.

डिजिटल कुणी घ्यावं? ज्यांचा तीन-चार जणांचा ठरलेला कंपू आहे, ज्यांना सर्किटचा आराखडा किंवा नकाशा जसाच्या तसा पोचवायचा आहे, आणि ज्यांचा सिग्नल एकमेकांकडे दणकट पोचतो, त्यांनी. फ्लॅटच्या खिडकीतून तार सोडून एचएफ (लघुलहरी) करणाऱ्यानं तूर्त त्या वाटेला जाऊ नये.

अजून एचएफ सेटच घेतला नसेल, तर एखादा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर, उघडून दोन-चार संध्याकाळी १४.२३० ऐका आणि चित्रं उतरवून पाहा. लोक उत्तर देताना समोरच्याचं चित्र छोटं करून आपल्या चित्राच्या कोपऱ्यात चिकटवतात आणि शेजारी ५९५ सारखा रिपोर्ट, म्हणजे सिग्नल आणि चित्र कसं पोचलं याचे गुण, लिहितात. आपलं पहिलं चित्र तयार करताना कॉलसाइन वरच्या भागात, जाड आणि मोठ्या अक्षरात टाका. सिग्नल मधेच बुडाला तरी वरचा तुकडा तोवर पोचलेला असतो.