सुशीचा घरगुती संच: धानपट्ट्यात तीन ऋतू वापरल्यावर

सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात आणि त्यासोबत मासा किंवा भाजी. गल्लीतलं सुशीचं छोटं दुकान जपानमध्ये लोकांना आपलं का वाटतं, हे कळलं की या संचाकडून काय मागायचं तेही कळतं. आठ-दहा जणांची बैठक, मधे लाकडी फळी, पलीकडे कारागीर. त्याच्या हातून निघालेला घास मिनिटभरात खाणाऱ्याच्या तोंडात जातो. भात अंगाइतका कोमट, नोरीचं (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं) पान कुरकुरीत. खरी गंमत त्या मिनिटातच आहे. नागपूरहून डबा बांधून भंडारा-गोंदियाकडच्या गावात आणला, तर वाटेतच पान चिवट होतं. म्हणून घरीच करणं बरं.

ऑनलाइन मिळणाऱ्या संचात रोल वळायला बांबूची चटई, नोरीची पानं, तांदळाचं व्हिनेगर, सोया सॉस आणि वसाबीची (झणझणीत हिरव्या चटणीची) पावडर येते. तांदूळ आपला आपण बघायचा, आणि सगळं तिथंच ठरतं.

आपल्याकडचा एचएमटी किंवा जय श्रीराम जेवायला उत्तम, पण त्याची शितं सुटी राहतात. चटईतून काढून सुरी लावली की रोल उसवतो. उसना (उकडा) तांदूळ तर नकोच. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चिकट असल्यामुळे चांगला बसतो. दिवाळीनंतर घरचा नवा तांदूळ येतो तेव्हा तोही चालतो, कारण नव्याचा भात गोळा धरतो. एरवी ज्याची तक्रार होते, तोच गुण इथं कामाचा.

दोन वाट्या तांदूळ पाणी निवळ होईपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा आणि निथळायचा. पाणी दोन वाट्या. तांदूळ जुना असेल तर पाव वाटी जास्त. उकळी आली की मंद आचेवर 12 मिनिटं, गॅस बंद करून आणखी 10 मिनिटं. मधे झाकण उघडायचं नाही. 4 मोठे चमचे व्हिनेगर, 2 मोठे चमचे साखर आणि 1 लहान चमचा मीठ कोमट करून विरघळवायचं, उकळायचं नाही. भात गरम असतानाच हे त्यावर घालून उलथण्याच्या कडेनं कापत कापत मिसळायचं. घोटला की खीर झालीच. त्यासाठी जपानी लोक लाकडी पसरट भांडं वापरतात; घरातली जुनी काठवट अगदी तेच काम करते, जास्तीचं पाणी ओढून घेते. पितळी परात मात्र टाळा, आंबट लागून भाताला कळकट चव येते. किराण्यातलं साधं पांढरं व्हिनेगर घशाला लागतं. तेच असेल तर तीन चमचे घेऊन एक चमचा पाणी मिसळा.

नोरीची खरबरीत बाजू वर, भाताचा थर पातळ, पलीकडची दोन सेंटिमीटर कड मोकळी; भातावर मासा किंवा भाजी ठेवून चटईनं घट्ट वळायचं. हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले नाहीत तर सगळा भात बोटांनाच चिकटतो. दोन वाट्यांत पाच-सहा रोल होतात. कापताना प्रत्येक वेळी सुरी ओल्या फडक्यानं पुसायची.

आता मासा. बोडीतला, तलावातला किंवा नदीतला मासा कच्चा अजिबात वापरू नका, कितीही ताजा असो. गोड्या पाण्यातल्या माशांतून यकृतात शिरणारे कृमी माणसाला होऊ शकतात. ते मारायला मासा उणे 20 अंशांवर सलग सात दिवस ठेवावा लागतो, आणि रोज लाईन जाणाऱ्या गावात घरच्या फ्रिजवर तो भरवसा ठेवता येत नाही. यात कमीपणा काही नाही: गोड्या पाण्यातून धरलेली वाम जपानमध्येही भाजूनच सुशीवर येते. झिंगे बांबूच्या काडीत सरळ ओवून दोन-तीन मिनिटं उकडले की वाकडे होत नाहीत. मरळ वाफवून छान लागते. रोहूत बारीक काटे फार, रोलमध्ये तो नको. शाकाहारी घरात काकडी पुरे, पण बिया काढून. नाहीतर पाणी सुटून पान फाटतं.

पावसाळ्यात संचाची खरी परीक्षा होते. पाकीट फोडल्यावर पानं हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट ठेवा. नरम पडलंच तर मंद तव्यावर एकेका बाजूनं पाच-सहा सेकंद फिरवा, पुन्हा कुरकुरीत होतं. चटईच्या दोऱ्यांत शितं अडकली की बुरशी धरते. गरम पाणी आणि ब्रशनं लगेच धुऊन उभी वाळवा. मे महिन्यात अडचण वेगळी: माशाचा किंवा अंड्याचा रोल तासाभरात संपवायचा. फ्रिजमध्ये ठेवला तर भात कडक होतो.

वसाबीची पावडर ठीकठाक. तिच्यात बहुतेक हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ) आणि मोहरीच असते. ऐनवेळी कालवली तर झणका राहतो, आधी कालवून ठेवली तर उडून जातो.

चार-सहा पाहुणे असतील तर चटई बाजूला ठेवून तेमाकी करा. पान अर्धं कापायचं, मधे काठवट, भोवती झिंगे, काकडी, ऑम्लेटच्या पट्ट्या. ज्यानं त्यानं आपला शंकू वळायचा आणि लगेच खायचा. जपानी घरांतही असंच करतात, आणि आपल्या अंगतपंगतीला हे फार शोभतं. दुकानातलं ते मिनिट गावात मिळतं ते असंच. सोया सॉस बेतानं लावा, भात त्यात बुडवला की सुटतो.

पूर्ण संच पुन्हा घ्यायची गरज नाही. संपलं की फक्त नोरी आणि व्हिनेगर मागवा. चटई बुरडाकडून करून घ्या: 25 सेंटिमीटर लांब, गोल घासलेल्या बारीक काड्या, सुती दोऱ्यानं घट्ट विणलेल्या.