वाळपईतलं पशुखाद्याचं दुकान: माल चांगला, पण पोतं बघून घ्या
मांसासाठी रेडे पाळणाऱ्यांना बरं दुकान. जूनपासून डोंगरावर हिरवं भरपूर पण त्यात सगळं पाणीच, पोट भरतं अंग धरत नाही, म्हणून तेव्हाही थोडी सरकी पेंड नि मिनरल मिक्स्चर इथूनच नेतो. भात कापल्यावर मोकळ्या शेतात चरतात, खरी पंचाईत फेब्रुवारी ते मे, नुसत्या पेंढ्यावर वजन उतरतं. त्यासाठी पेंढा युरियाने मुरवून कसदार करायची रीत दुकानदारकाकांनी नीट सांगितली, 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, 21 दिवस प्लास्टिकखाली घट्ट झाकायचं, आणि 6 महिन्यांखालच्या रेडकांना अजिबात नको! रेट चढाच, उधारी नाही. पावसात वास घेऊनच पोतं उचला, बुरशीची पेंड परत घेताना फार कुरकुर करतात.