उरलेल्या सुऱ्या-कोयते: भाव पाडावा की धरून ठेवावा?

दसरा झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोयत्याची खरी मागणी त्याआधीच. मग लोहाराच्या पालात उरतात चार-दोन कोयते, काही सुऱ्या, एखादी विळी.

भाव पाडला तर पैसा मोकळा होतो, कोळसा भरता येतो. फायदा एवढाच. उलट, माळेगावच्या जत्रेत ज्यानं पुरे दाम मोजले, त्याला शेजारी म्हणतो, "मला तर निम्म्यात पडली की!" पुढच्या साली दोघंही भाव उतरायची वाट बघत बसतात.

भाव धरला तर? पोलाद काही शिळं होत नाही. ही पाती ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून (स्प्रिंगच्या पट्ट्यांतून) घडवलेली; त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून ती कडक होतात. नीट पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून झटकन थंड केलेलं पातं दोन वर्षं पडून राहिलं तरी त्याचा कडकपणा जात नाही. गंज मात्र वरून चढतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाभळीची मूठ सुकून ढिली पडते. म्हणून तेलाचा बोळा फिरवायचा, मूठ पुन्हा ठोकायची, धार काढायची. हे काम करायचा कंटाळा असेल, तर भाव धरायचा हट्टही सोडावा.

मी भाव धरणाऱ्यांच्या बाजूनं. मुठीला चीर असेल तर ती दाखवून पैसे कमी करावेत, पण नुसतं 'जुनं आहे' म्हणून नाही. गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं, तर किंमत तीच ठेवून वर्षभर धार फुकट लावून द्यावी. त्या निमित्तानं ते परत पालावर येतं, आणि येताना घरचं बोथट खुरपंही आणतं.