शंभर टक्के निकालाची शाळा : नववीचं वर्ष सरताना

देवगड तालुक्यातली अनुदानित मराठी शाळा, आठवी ते दहावी. गावाच्या शिक्षण मंडळाने काढलेली, त्या मंडळाची एक समिती गावात आणि एक मुंबईत. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि आम्हाला गावात रोज तोंड दाखवायचं असतं. मुलगा डोंबिवलीच्या इंग्रजी शाळेतून जूनमध्ये इथे नववीत आला, सेमी इंग्रजीच्या वर्गात. आता दुसरं सत्र संपत आलंय. गावी परतायचा विचार करणारे ओळखीपाळखीचे लोक घर, बाग, नेटवर्क सगळं विचारून झालं की शेवटी हळूच विचारतात, "आणि शाळेचं काय केलंत?" त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर.

फाटकावर फ्लेक्स आहे, "शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा". अशा फ्लेक्सना आपल्याकडे तोटा नाही. कोकण विभागीय मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे, आणि दहावीच्या निकालात ते वर्षानुवर्षं राज्यात पहिलं. २०२३ मध्ये कोकण ९८.११ टक्के, राज्य ९३.८३. २०२४ मध्ये कोकण ९९.०१, राज्य ९५.८१. २०२५ मध्ये कोकण ९८.८२, राज्य ९४.१०. अख्खा विभागच नव्व्याण्णवच्या आसपास असेल तर एखाद्या शाळेचा शंभर टक्के निकाल ही बातमी उरत नाही. त्यात वर्ग केवढे? दहावीत वीस मुलं असली तर एक मूल म्हणजे पाच टक्के. एका वर्षी एक मुलगा तापाने फणफणत पेपरला बसला आणि राहिला, की त्या शाळेचा निकाल ९५ आणि शेजारच्या गावाची शाळा "पुढे". असल्या तुलनेवर शाळा निवडणारे पालक मी पाहिलेत, सुशिक्षित पालक.

मग पाहायचं काय? माझं मत असं की टक्केवारी सोडून गुण बघा, तेही विषयवार. दहावीला गणिताचे ४०-४० चे दोन पेपर आणि २० गुण शाळेच्या हातात. पास व्हायला एकूण ३५. शाळेने अंतर्गत मूल्यमापनात सढळ हाताने १८ दिले, तर लेखी ८० पैकी १७ मिळवले की झालं. म्हणजे "उत्तीर्ण" या शिक्क्याखाली गणित येणारं मूलही असतं आणि साधे अपूर्णांक न येणारंही. अकरावीला सायन्स घेतल्यावर पहिल्या चाचणीत ते उघडं पडतं.

हेडसरांकडे मी विषयवार गुणांचा तक्ता मागितला तेव्हा ते आधी चपापले. मग कपाट उघडून मागच्या तीन वर्षांचे कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, हे कोणी मागत नाही हो. सगळे फ्लेक्सचा फोटो काढून जातात." तक्ता बघितला आणि शाळा कळली. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्रं सगळं भरघोस. वरच्या तीन-चार मुली नव्वदीच्या घरात, आणि खरोखर हुशार, त्यांची उत्तरं मी नंतर पाहिली. गणिताच्या रकान्यात मात्र पस्तीस ते पन्नासमध्ये गर्दी. मधली साठ-सत्तरवाली मुलं जवळपास नाहीतच. हुशारांना शाळा वर नेते, कच्च्यांना ओढून पलीकडे काढते, आणि मधल्यांकडे बघायला वेळ उरत नाही, असं मला वाटलं. माझा मुलगा मधलाच, म्हणून डोळ्यांत भरलं असेल.

दुसरी गोष्ट विचारायची ती गळतीची, आणि ती आडून विचारायची नाही. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती होती आणि दहावीला बसली किती? मधली कुठे गेली? कधी कुटुंब मुंबईला जातं, कधी बदली होते, ते ठीक. पण निकाल शंभर ठेवायला कच्च्या मुलाला नववीतच "तू बाहेरून बस" म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळाही असतात. तो फॉर्म शाळा सुटलेल्यांना पुन्हा संधी मिळावी म्हणून आहे, निकाल चकचकीत करायला नाही. आमच्या शाळेत हे होत नाही, एवढं चौकशीअंती सांगू शकते. गळालेली मुलं आहेत, पण ती बापाबरोबर होडीवर जातात हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की गाबीतवाड्यातल्या, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतल्या, मुलग्यांची हजेरी पातळ होते. मुलींची होत नाही. वरच्या चार नंबरांत मुलीच का, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

सरकारच्या यू-डायस प्लस पोर्टलवर कुठल्याही शाळेची माहिती घरबसल्या बघता येते. शाळेचा ११ अंकी कोड लागतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो, बहुतेक शाळांच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेला असतो. इयत्तावार मुलं-मुली, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीज असं सगळं तिथे मिळतं. जाण्याआधी जरूर बघा, पण "होय" आणि "नाही" यांवर फार विसंबू नका. संगणक कक्ष, होय. बरोबर आहे, कक्ष आहे. जुलैत मी आत डोकावले तेव्हा मॉनिटरवर जुन्या चादरी घातलेल्या, भिंतीला पोपडे, कीबोर्डच्या फटींत बुरशीची पांढरी रेघ, आणि यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली. नोव्हेंबरात ऊन पडल्यावर सहापैकी काही यंत्रं चालू झाली. ग्रंथालय, होय. तेही कपाटात, पण ते कपाट मराठीच्या बाई रोज उघडतात आणि मुलांना पुस्तकं घरी नेऊ देतात, याची मात्र पोर्टलवर नोंद नाही.

आता मुलांविषयी, कारण मला या वर्षात सगळ्यात जास्त शिकवलं ते या भागाने. प्रवेशाच्या वेळी सासरे म्हणाले होते, "मास्तर बरे असत गो, पण पोरां खंय असत?" आकडे त्यांचीच बाजू घेतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली आणि आपले दोन्ही जिल्हे आटले. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१, रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. त्या दशकात जी माणसं गेली त्यांची मुलं आज ठाण्यात, विरारला, दिव्याला शिकतायत. उरलेल्यांपैकी ज्यांना परवडतं ते मुलांना पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतात. गावच्या शाळेत येतात ते बागेत मजुरी करणाऱ्यांची, मासेमारीवर पोट असणाऱ्यांची, छोट्या दुकानदारांची मुलं, आणि आमच्यासारखे परतलेले थोडे. मराठा, गाबीत, भंडारी, बौद्ध, मुसलमान, धनगर, सगळी एका बाकावर. डोंबिवलीच्या शाळेत माझ्या मुलाच्या वर्गातले सगळे बाप साधारण एकाच प्रकारच्या ऑफिसात जात. इथे तसं नाही, आणि हा मला फायदाच वाटतो.

याशिवाय एक गट आहे जो कागदावर नीट दिसतच नाही. चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं आणि आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी. पाऊस संपला की ही मंडळी येतात, मेअखेर जातात. शाळांची यू-डायसची पटसंख्या धरतात ३० सप्टेंबरची. म्हणजे मोजणी होते तेव्हा यातली बरीच मुलं गावात नसतात, आणि दिवाळीनंतर वर्गात बसलेली दिसतात. कुणाकडे आधीच्या शाळेचा दाखला नसतो, कुणाच्या आधारवर नाव वेगळं. वर्गशिक्षक त्यांना बसवून घेतात, पुस्तक शेजारच्याचं. माझ्या मुलाच्या वर्गात एका राखणदाराची मुलगी आहे. घरी नेपाळी, शाळेत मराठी, आणि मैत्रिणींशी अशी फर्डी मालवणी बोलते की माझा डोंबिवलीकर तिच्याकडून शिव्या शिकून आला. गणितात ती वर्गात पहिल्या तिघांत आहे. वार्षिक परीक्षा नेमकी आंब्याच्या हंगामात येते, तेव्हा ती बागेत असेल की परीक्षेला, हे तिच्या बापाच्या मालकावर ठरणार. शाळेची गुणवत्ता मोजणाऱ्या कुठल्याच तक्त्यात तिला रकाना नाही.

पोषण आहार आठवीपर्यंतच. नववीपासून डबा घरचा. मधल्या सुट्टीत आठवीची मुलं व्हरांड्यात खिचडी खातात आणि नववीतली दोन-तीन मुलं नळाजवळ उगाच रेंगाळतात. शिजवणाऱ्या मावशी उरलेलं त्यांना वाढतात, कुणी काही बोलत नाही. मुलाने घरी सांगितल्यापासून त्याचा डबा थोडा मोठा करते.

शिक्षकांबद्दल माझी मुख्य तक्रार आहे, पण ती शिक्षकांविरुद्ध नाही. पट घटला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पदं घटतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांना याची धास्ती जास्तच. जूनमध्ये गणित-विज्ञानाला एकच सर होते. पहिल्या सत्रात त्यांच्या डोक्यावर "अतिरिक्त" ठरण्याची टांगती तलवार, त्यात मुलांची आधार पडताळणी, अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), ऑनलाइन माहित्या. काही दिवस नववीला गणिताचा तासच झाला नाही, मुलांनी पटांगणात झाडांना आळी केली. शिपायाचं पद नाही, त्यामुळे घंटाही सरच देतात. मी एकदा भेटायला गेले तेव्हा ते एका हाताने प्रमेय सोडवत होते आणि दुसऱ्या हाताने फोनवर कुणाला तरी माहिती पाठवत होते. बुडलेला भाग आम्हाला घरी शिकवून घ्यावा लागला. दुसऱ्या सत्रात परिस्थिती सुधारली, तरी दहावीला गणिताची शिकवणी लावावी लागणार हे नक्की. विनाशुल्क शाळा आणि सशुल्क गणित, असा हिशेब धरून चला.

याच शाळेची एक गोष्ट मात्र बिनतोड. आठवीची एनएमएमएस परीक्षा, म्हणजे केंद्राची शिष्यवृत्ती. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. इथे विज्ञानाचे सर आणि मराठीच्या बाई दिवाळीनंतर सकाळी तासभर आधी येऊन आठवीचा वर्ग घेतात, मानधन नाही. दरवर्षी एक-दोन मुलं लागतात. मला विचाराल तर शाळा पारखायला फ्लेक्सपेक्षा हा निकाल विचारा. तिथे शाळेच्या हातात अंतर्गत गुण नसतात, मुलाला स्वतःच सोडवावं लागतं.

बाकी किरकोळ. एसटी वेळेवर असली तर शाळा वेळेवर. पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे, मुलग्यांना एक तृतीयांश भाडं. जोराचा पाऊस लागला की व्हाळापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) वाडीची मुलं दुपारीच सोडतात, आणि ते बरोबरच आहे. गणपतीची सुट्टी ऐसपैस, दिवाळीची आखूड. पालकसभेला आया येतात, बाप क्वचित. मुंबईच्या समितीने स्वच्छतागृह बांधून दिलंय, मुलींचं स्वतंत्र, पाण्यासकट, हे मी आत जाऊन बघितलंय. इंग्रजी बोलायला मुलगा मागे पडला आहे, ते खरं. निबंध मात्र आता स्वतः लिहितो, आधी पाठ करायचा.

आम्ही त्याला दहावीला इथेच ठेवतोय. ज्यांना आयआयटीचा फाउंडेशन कोर्स सातवीपासून हवा आहे त्यांनी इकडे येऊ नये, उगाच शाळेलाही त्रास आणि तुम्हालाही. ज्यांना यायचंय त्यांनी मे महिन्यात सुट्टीवर येऊन बंद शाळेचा फोटो काढून निर्णय घेऊ नका. दिवाळीनंतरचा एखादा चालू दिवस निवडा, मधल्या सुट्टीपर्यंत थांबा, आणि विषयवार तक्ता मागा. दिला नाही तर पुढच्या गावची शाळा बघा. येताना शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलाचं आधार यांवरची नावं, जन्मतारीख तंतोतंत जुळतायत ना ते आधी तपासून घ्या. आमच्याकडे वडिलांच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ झाली होती, तेवढ्यावरून गणपतीपर्यंत चकरा मारल्या.