कुंडीतली केळ: सुपर ड्वार्फ, ड्वार्फ कॅव्हेंडिश की राजापुरी?

कुंडीत केळ लावायची म्हटली की जो तो उंची विचारतो. मीही तेच केलं होतं. जितकी बुटकी तितकी कुंडीला बरी, असा सरळ हिशेब. हा हिशेब कुठे चुकतो ते कळायला मला दोन घड घालवावे लागले, म्हणून हे लिहितोय.

आधी एक निकाल लावून टाका: घड हवा आहे की नुसती पानं? पानांचीच हौस असेल तर म्युसा बसजू घ्या. तिची फळं खाण्याजोगी नसतात, पण कंद नीट झाकला तर कडाक्याच्या थंडीतूनही पुन्हा फुटतो. लाल पानांची एन्सेट दिसायला राजबिंडी असते, मात्र तिला मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, येत नाहीत. एकदा फुलली की संपली. लाल सालीच्या केळीच्या नादी मी लागलोच नाही. उंच वाढते, घडालाही फार ताटकळत ठेवते.

घड हवा असेल तर माझ्या अनुभवात सामना तिघींचा आहे.

सुपर ड्वार्फ कॅव्हेंडिश कमरेच्या आसपास थांबते. छोट्या जागेत, खिडकीशी, घरात ती झकास दिसते यात वाद नाही. पण तिच्या पानांचे देठ इतके आखूड असतात की पानं एकमेकांवर रचल्यासारखी बसतात. मधल्या खोबणीत पाणी साचतं, जुनं सोपट, म्हणजे बुंध्यावरचं पानाचं आवरण, आतल्या आत कुजतं आणि त्या सांदीकोपऱ्यात पिठ्या ढेकणाची वसाहत होते. मी दर आठवड्याला जुना टूथब्रश घेऊन तिच्या बगला साफ करत असे. खरेदी करताना चिठ्ठीवर फार भरवसा ठेवू नका, हेही सांगून ठेवतो. ‘सुपर ड्वार्फ’ म्हणून मी आणलेल्या दोन रोपांपैकी एक वर्षभरात माझ्या खांद्याला लागलं. ती साधी ड्वार्फ निघाली.

ती साधी ड्वार्फ कॅव्हेंडिश म्हणजे बहुतेकांची पहिली निवड, आणि उगाच नाही. कुंडीत पाच-सहा फुटांत आटोपते, मुनवे भरभरून देते, घडही रोपाच्या मानाने दांडगा. लहानपणी पानांवर तांबडे-जांभळे डाग असतात ते पुढे जातात. रोग समजून फवारे मारत बसू नका. फुलल्यावर तिची एक खूण दिसते: घडाखालच्या दांड्यावरची वाळलेली फुलं आणि पाकळ्यांसारखी आवरणं गळून पडत नाहीत, तिथेच चिकटून राहतात. मला ते गबाळं वाटतं. असो, तेवढ्यावरून कोणी केळ नाकारू नये.

मी नाकारली ती वेगळ्याच कारणाने.

माझी पहिली ड्वार्फ दीड वर्षाची झाली तेव्हा थंडी सुरू होत होती. नवी पानं आखूड येऊ लागली, देठ एकमेकांना खेटून पंख्यासारखे दाटले. मग एक अगदी छोटं, अरुंद पान आलं. निसवण्याआधीचं, म्हणजे घड बाहेर पडण्याआधीचं, शेवटचं पान असंच असतं, त्यामुळे मी खूश. आता कोणत्याही दिवशी कमळ, म्हणजे केळफूल, दिसणार! पण आठवडा गेला, दुसरा गेला, काहीच नाही. बुंध्यावरून हात फिरवला तर गळ्याच्या, म्हणजे पानं फुटतात त्या टोकाच्या, वीतभर खाली फुगवटा लागला. तिसऱ्या आठवड्यात सोपट बाजूने फाटलं आणि फटीतून जांभळं टोक आडवं डोकावलं. कमळ कसंबसं बाहेर पडलं, पण दांडा लांबलाच नाही. वरच्या दोन फण्या घशातच राहिल्या, चेपल्या आणि तिथेच सडल्या. खालच्या फण्या जगल्या, त्याही वाकड्यातिकड्या.

घड असा घशात अडकणं ही बुटक्या कॅव्हेंडिशची जुनी खोड आहे. कमळ तयार होतं खाली कंदाशी आणि बुंध्याच्या पोकळीतून वर चढत येतं. पारा पंधरा अंशांच्या खाली रेंगाळला की केळीची वाढ जवळजवळ थांबते. ऐन त्या वेळी कमळ वाटेत असेल आणि वर देठांची दाटी असेल, तर त्याला बाहेर यायला ना जोर उरतो ना जागा. पाण्याचा ताण पडला तरी तेच. आणि कुंडीत हे दोन्ही चटकन होतं: जमिनीतला कंद उबेत असतो, कुंडीतल्या कंदाला चारही बाजूंनी गारवा लागतो, मातीही लवकर सुकते. गंमत म्हणजे कॅव्हेंडिशला तिचं नाव मिळालं ते काचघरात. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थला, ड्यूक विल्यम कॅव्हेंडिशच्या बागेत, त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३५ मध्ये तिला फुलवलं आणि मालकाचं नाव तिला चिकटलं. तिथे थंडी बाहेर राहत होती. माझी कुंडी उघड्यावर होती.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. कुंडी उन्हाने तापणाऱ्या भिंतीला लावली, पाणी चुकवलं नाही. तरी घड अडकला. मग सोपटाला धारदार सुरीने उभी चीर दिली. काहींचा असा घड मोकळा होतो म्हणतात. माझ्या चिरेत पाणी शिरलं आणि बुंधा मऊ पडला. हात माझा चुकला असेल, नाही म्हणत नाही.

राजापुरी मी जरा रागानेच लावली. उंचीने ती ड्वार्फच्या पुढे जाते, सहा-सात फूट सहज. बुंधा मात्र ठेंगणा-ठुसका, जाड. पानं रुंद आणि चिवट. त्याच वाऱ्यात कॅव्हेंडिशच्या पानांच्या झिरमिळ्या झाल्या, हिची पानं बरीचशी अखंड राहिली. हिच्यात बाल्बिसियानाचा, म्हणजे काटक रानकेळीचा अंश आहे, कॅव्हेंडिशमध्ये तो नाही. थंडी आणि तहान ती जास्त निभावते ते त्यामुळेच, असं मानायला जागा आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर तीच जागा, तशीच थंडी, आणि कमळ पुन्हा ऐन गारठ्यात निघालं. हळू निघालं, पण सरळ गळ्यातून वर आलं, कलंडलं आणि मोकळं लोंबलं. एकही फणी अडकली नाही. फळं आखूड आणि मोजकी, पण शेवटच्या फणीपर्यंत नीट भरली.

तिचे त्रास लपवत नाही. पसारा मोठा आहे. पान आडवं आलं की वाट अडते आणि मला वाकून जावं लागतं. साठ लिटरपेक्षा लहान कुंडीत मी तिला ठेवणार नाही. एवढी कुंडी भिजल्यावर एकट्याला हलत नाही, म्हणून चाकांची पाटी आधीच खाली घाला. मुनवे माझ्याकडे ती कमीच देते. तलवारी, म्हणजे अरुंद टोकदार, पानाचा एक मुनवा राखला की बाकी छाटायला फारसं उरत नाही, पण मित्रांना वाटायचे असतील तर निराशा होईल.

ग्रँड नैन या कॅव्हेंडिशच्याच आणखी एका जातीचं विचाराल म्हणून: फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थच ‘मोठी बुटकी’. ड्वार्फपेक्षा उंच, गळाही जरा मोकळा. माझ्या ओळखीत एकाने कुंडीत छान पिकवली, फक्त घडाच्या वजनाने कुंडीच आडवी झाली. दुबेळक्याचा टेकू हाताशी ठेवत असाल तर जरूर बघा.

तुमच्याकडे थंडी नावालाच पडत असेल किंवा काचघर असेल, तर ड्वार्फ कॅव्हेंडिशवर मी इतका का चिडलोय ते तुम्हाला कळणारही नाही. खुशाल लावा, घड तिचाच मोठा. गारठा पडत असेल आणि तीन-चार हात मोकळी जागा असेल, तर मी राजापुरीकडे बोट दाखवीन. माझ्याकडे सध्या राजापुरीचा दुसऱ्या पिढीचा मुनवा छातीला लागलाय. सुपर ड्वार्फही आहे, खिडकीशी, टूथब्रशसकट. तिच्याकडून घडाची अपेक्षा सोडल्यापासून आमचं बरं चाललंय.